कुत्रं फुकट मिळतं, मालक मिळत नाही! शेल्टरमधलं कुत्रं-मांजर घरी आणण्याआधी हे वाचा

कसबा बावडा : पावसाळा लागला की सगळ्या कोल्हापूर जिल्ह्याचं लक्ष बावड्याकडं लागतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती झाली, हा एकच प्रश्न. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. हा आकडा मोबाईलवर तासातासाला फिरत असतो. ऑगस्ट 2019 मध्ये तो 55 फुटांच्याही वर गेला. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा तीच गत. अशा वेळी बावडा-शिये रस्ता पाण्याखाली जातो, चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं घेऊन बाहेर पडतात. म्हैस निघते, गाय निघते, शेळ्या टेम्पोत चढतात, कोंबड्यांची खुराडीसुद्धा निघतात.

गल्लीतलं कुत्रं मात्र बऱ्याचदा तिथंच राहतं. माणूस म्हैस मागं ठेवत नाही, कारण म्हैस त्याची आहे. कुत्र्याला रोज भाकरीचा तुकडा घालणारी गल्लीत पाच घरं असतात, पण पाणी दारात आलं की ते कुणाचंच नसतं.

जी गोष्ट पुराची, तीच लसीची आणि तीच नसबंदीची. कुत्र्याला नाव असतं, लाड असतात, पण त्याला दवाखान्यात न्यायचं कुणी, हे ठरलेलं नसतं. गावात कुत्र्यांची कमी कधीच नव्हती, कमी आहे ती मालकांची. शेल्टरमधून, म्हणजे निवारा केंद्रातून, कुत्रं किंवा मांजर दत्तक घेणं म्हणजे ही जागा भरून काढणं. ‘दत्तक’ हा शब्द कुत्र्यासाठी वापरला की काहींना हसू येतं. पण शब्द बरोबर आहे. नाव लावायचं, खर्च करायचा, आजारपण काढायचं आणि मध्येच टाकून द्यायचं नाही, एवढा अर्थ त्यात येतोच.

आत्ताच हा विषय का?

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न 2025 मध्ये थेट सुप्रीम कोर्टात गाजला. 11 ऑगस्टला दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा, असा आदेश दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं दिला. देशभर वाद झाला. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं त्यात बदल केला. नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं जिथून उचललं तिथंच परत सोडायचं, मात्र रेबीज झालेलं, तसा संशय असलेलं किंवा अंगावर धावून जाणारं कुत्रं सोडायचं नाही, असं ठरलं. रस्त्यात कुठंही खायला घालायचं नाही, त्यासाठी महापालिकेनं जागा नेमून द्यायची, हेही त्यातच आलं.

त्या आदेशातल्या एका मुद्द्याची चर्चा कमी झाली. ज्यांना भटकं कुत्रं दत्तक घ्यायचं आहे, त्यांनी महापालिकेकडं अर्ज करावा, असं कोर्टानं सांगितलं. आणि एकदा घेतलं की ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची. म्हणजे ‘आणलं, चार महिने ठेवलं, जमलं नाही म्हणून सोडलं’ हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार आता चालत नाही.

पुढं 7 नोव्हेंबर 2025 ला आणखी एक आदेश आला. शाळा-कॉलेज, दवाखाने, क्रीडा संकुलं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणची कुत्री हलवायची, नसबंदी-लस करून शेल्टरमध्ये ठेवायची आणि पुन्हा त्याच जागी सोडायची नाहीत. हिशेब सोपा आहे. शेल्टरमध्ये येणारी कुत्री वाढणार, जागा तेवढीच. अशा कुत्र्याला आतून बाहेर पडायचा एकच रस्ता उरतो, कुणीतरी घरी नेणं.

“मादी हाय का? मग नको”

शेल्टरमध्ये गेल्यावर माणूस पहिल्यांदा पिल्लू मागतो. मग नर मागतो. मग जमलं तर ‘जातिवंत’ मागतो. त्यामुळं शेल्टरमध्ये उरतात त्या मोठ्या झालेल्या माद्या, एखादा पाय गेलेली, एक डोळा गेलेली आणि साध्या रंगाची गावठी कुत्री.

मादी पिल्लं मुळात तिथं येतात कशी, तेही बघण्यासारखं आहे. आपल्या भागात कुत्र्यांची पिल्लं दिवाळीच्या पुढं-मागं, थंडीत जास्त होतात. तोच कारखान्याचा हंगाम, तोच ऊसतोडीचा काळ. उसाच्या फडात, बांधाच्या कडेला, कारखान्याच्या वाटेवर पाच-सहा पिल्लांचा घोळका दिसतो. नर पिल्लं पोरं उचलून नेतात. माद्या पोत्यात घालून बाजाराच्या जागी, कचऱ्याच्या ढिगाजवळ नाहीतर नदीपलीकडं सोडल्या जातात. घरच्या ओट्यावरची कटकट जाते, पण तीच मादी सात-आठ महिन्यांत माजावर येते, 63 दिवसांच्या आसपास विते आणि पुढच्या थंडीत गावात आणखी पाच-सहा पिल्लं फिरायला लागतात. काही माद्या वर्षातून दोनदाही वितात. मादी टाकून देणारं गावच स्वतःची कुत्री वाढवत असतं.

खरं तर शेतकऱ्याच्या घराला सगळ्यात सोयीची असेल तर ती शेल्टरमधली, नसबंदी झालेली, दीड-दोन वर्षांची मादी. तिचा स्वभाव कळून चुकलेला असतो. लस झालेली असते. माजावर येण्याचा, दारात नरांची भांडणं लागण्याचा प्रश्न मिटलेला असतो. नरासारखी ती रात्री चार गावं भटकत नाही. ‘नसबंदी केलेलं कुत्रं राखण करत नाही’ असं पारावर ठामपणे सांगितलं जातं, ते खोटं आहे. राखण करणं हा स्वभावाचा आणि घराच्या लळ्याचा भाग आहे, पिल्लं होण्याशी त्याचा संबंध नाही. अशी कुत्री दारातून परक्याला आत येऊ देत नाही.

पिल्लू गोड दिसतं यात शंका नाही. पण त्याला दिवसातून चार वेळा खायला लागतं, ते चपला फाडतं, रात्री रडतं आणि पहिल्या तीन-चार महिन्यांत पार्व्हो किंवा डिस्टेंपरनं जायची भीती असते. ज्या घरात सकाळी सगळेच रानात आणि कामावर जातात, तिथं मोठं कुत्रंच बरं.

जातिवंत कुत्र्यांबद्दलही एक गोष्ट. शेल्टरमध्ये लॅब्राडोर, पॉमेरियन येतात ते बहुधा कातडीचा रोग झाला, म्हातारपण आलं किंवा खर्च झेपेना म्हणून सोडलेले. घ्यायला हरकत नाही, पण आजारासकट घ्यायचं आहे हे आधी समजून घ्या. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये दाट केसांच्या कुत्र्याचे हाल होतात. आपलं गावठी कुत्रं याच हवेत हजारो वर्षं जगलेलं आहे.

मिळतं कुठं?

बावडा महापालिका हद्दीत येतो, त्यामुळं इथल्या माणसानं पहिली चौकशी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडं आणि नसबंदीचं काम जिथं चालतं तिथं करावी. करवीर, पन्हाळा, हातकणंगले, शिरोळ भागातल्यांनी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं. तालुक्याच्या डॉक्टरांना कोण प्राणीमित्र जखमी पिल्लं सांभाळतो, कुणाकडं किती आहेत, हे पक्कं माहीत असतं. कोल्हापुरात स्वतःच्या घरात, शेडमध्ये अशी जनावरं सांभाळणारे अनेक जण आहेत, त्यांच्याकडूनही दत्तक देणं चालतं.

शेजारी सांगलीत ‘अ‍ॅनिमल राहत’ ही संस्था 2003 पासून काम करते. तिचा मुख्य भर बैल, घोडे, गाढवं अशा कष्टाच्या जनावरांवर आहे. पुण्यात ‘रेस्क्यू’ ही संस्था 2007 पासून जखमी जनावरांवर उपचार करते आणि बरी झालेली कुत्री-मांजरं दत्तकही देते. पण जवळचं शेल्टर केव्हाही बरं. दोन-तीनदा जाऊन बघता येतं, आणि अडचण आली तर विचारायला माणूस जवळ असतो.

आपल्याकडं पांजरपोळ म्हटलं की गायी-म्हशीच डोळ्यापुढं येतात. पण या राज्यातली एक मोठी पांजरपोळ कुत्र्यांच्या भांडणातून उभी राहिली. जून 1832 मध्ये मुंबईत इंग्रज सरकारचे शिपाई भटकी कुत्री मारत सुटले होते. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान, त्यामुळं पारशी रस्त्यावर आले, इतर समाजही त्यांच्या बाजूनं उभे राहिले आणि शहरात दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांत, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानं मुंबई पांजरपोळ सुरू झाली. पकडलेली कुत्री मारायची नाहीत तर ठेवायची कुठं, हा प्रश्न तेव्हाही होता. दोनशे वर्षं होत आली, प्रश्न तोच आहे.

फोनवरून घेताना मात्र जपून. ‘लॅब पिल्लू फ्री, फक्त गाडीभाडं पाठवा’ असे मेसेज फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. आधी भाड्याचे पैसे, मग पिंजऱ्याचे, मग लसीचे, आणि शेवटी फोन बंद. खरी संस्था जनावर बघितल्याशिवाय आणि घर विचारल्याशिवाय देत नाही. औषधपाण्यासाठी देणगी कुणी मागितली तर पावती घ्यावी. जनावराची किंमत कुणी सांगत असेल तर ते दत्तक नाही, तो धंदा आहे.

एवढे प्रश्न कशाला विचारतात?

शेल्टरवाले फॉर्म भरून घेतात, आधार कार्डाची झेरॉक्स मागतात, घराचा फोटो मागतात. कधी घरी येऊन बघतात. गावाकडच्या माणसाला याचा राग येतो. कुत्रंच न्यायचं आहे, सोयरीक जमवायची आहे का, असं वाटतं. पण त्यांनी आधी दिलेली कुत्री पुन्हा रस्त्यावर सापडलेली असतात, म्हणून ते विचारतात.

त्यातला एक प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे, घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का? पोरगं हौसेनं पिल्लू आणतं आणि पुढं कॉलेजला पुण्याला जातं. मग खायला घालायचं, शी काढायची, दवाखान्यात न्यायचं हे सगळं आईवर पडतं. तिला कुणी विचारलेलंच नसतं. त्यामुळं घरात रोज पहाटे उठणारी जी बाई आहे, तिचं ‘हो’ आधी घ्यावं. भाड्याचं घर असेल तर मालकाचंही. सासू-सासऱ्यांना दमा असेल, घरात रांगतं मूल असेल तर तेही लपवू नये. त्या घराला मानवणारं जनावर शेल्टरवालेच सुचवतात.

कुत्रं 12 ते 14 वर्षं जगतं, घरात राहणारं मांजर 15 वर्षांपर्यंत. आज पहिलीत असलेलं पोर बारावी होऊन बाहेर पडेपर्यंतची ही सोबत आहे.

बावड्यातल्यांनी पाळीव कुत्र्याच्या परवान्याची चौकशी महापालिकेकडं करून घ्यावी. दत्तकाचा कागद, नसबंदीचा दाखला आणि लसीचं कार्ड एका पिशवीत ठेवा. हे तीन कागद नसतील तर उद्या कुत्रं कुणाला चावलं, हरवलं किंवा महापालिकेच्या गाडीत गेलं तर ‘आमचं आहे’ हे सांगता येत नाही.

पहिले पंधरा दिवस

नवं कुत्रं आल्याच्या दिवशी सगळी गल्ली बघायला जमते. नेमकं हेच टाळायचं. ते घाबरलेलं असतं, आणि घाबरलेलं कुत्रं चावतं. पहिले तीन दिवस त्याला एक कोपरा, एक गोणपाट, पाण्याचं भांडं आणि शांतता एवढंच द्या. जेवताना हात लावायचा नाही, झोपेतून उठवायचं नाही, पोरांनी गळ्यात पडायचं नाही. काही कुत्री दोन दिवस खात नाहीत, खाटेखालून बाहेर येत नाहीत. ओढून बाहेर काढू नका. घरातली घाई संपली, दुपारची सामसूम झाली की ते आपोआप बाहेर येतं.

पहिले पंधरा दिवस ते घरचं झालं असं समजू नये. दार उघडं दिसलं की ते पळतं, आणि नव्या गावात त्याला रस्ता माहीत नसतो. पट्ट्यावर मोबाईल नंबर लिहिलेला असावा. साधा प्लास्टिकचा बिल्ला आणि परमनंट मार्कर पुरतो. दिवाळीत आणि मिरवणुकीच्या डॉल्बीत कुत्री बिथरून पळतात, तेव्हा हा नंबरच कामाला येतो.

म्हशी-गायींशी ओळख दोरी धरूनच करा. कोंबड्यांशी तर फारच सावकाश. शेल्टरमध्ये वाढलेल्या कुत्र्यानं कोंबडी पाहिलेलीच नसते, आणि पहिल्या दिवशी एक मारली की घरात त्याच्याविरुद्ध मत झालंच म्हणून समजा.

खायला काय?

जोंधळ्याची भाकरी, भात, डाळ कुत्र्याला पचतं. पण नुसत्या भाकरी-ताकावर कुत्रं तगतं, धरत नाही. अंडं, उकडलेलं चिकन, डाळ यांतलं काहीतरी रोज हवं. कोल्हापुरात उरलेल्या तांबड्या रश्श्यात भाकरी कालवून कुत्र्यापुढं ठेवायची पद्धत आहे. तिखट-मीठ-तेल आणि कांदा-लसूण हे सगळं त्यात असतं आणि ते सगळंच कुत्र्याला वाईट. कांदा-लसणानं त्याच्या रक्तावर परिणाम होतो. मटण-चिकनची शिजलेली हाडं मोडून सुईसारखी होतात आणि आतड्यात रुततात. चॉकलेट द्यायचं नाही. द्राक्षं आणि बेदाणेही नाहीत. तासगावचा बेदाणा माणसाला कितीही चांगला असला तरी कुत्र्याची किडनी त्यानं बंद पडू शकते.

गोचीड हा आपल्या भागातला मोठा त्रास. गोठ्यात म्हैस आणि कुत्रं शेजारी, त्यामुळं एकाची गोचीड दुसऱ्यावर. गोचीडातून येणाऱ्या तापानं कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं. पण म्हशीला मारायचं औषध कुत्र्याला अंदाजानं लावू नका, आणि मांजराला तर कधीच नाही. गोठ्यातल्या काही औषधांनी मांजर तडफडून मरतं.

लस आणि रेबीज

पिल्लाला दीड-दोन महिन्यांपासून जंताचं औषध आणि पार्व्हो-डिस्टेंपरसह सात किंवा नऊ रोगांची एकत्र लस सुरू करतात. त्यात लेप्टोचाही डोस असतो. उंदराच्या मुतातून पसरणारा हा रोग पुराच्या पाण्यातून माणसालाही होतो, त्यामुळं नदीकाठच्या गावांनी ही लस चुकवू नये. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, नंतर डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि पुढं दरवर्षी एक. शेल्टरमधून आणताना कार्डावर शेवटची तारीख बघून घ्या. ‘लस झाली आहे’ हे तोंडी सांगणं धरू नका.

रेबीज झाल्यावर औषध नाही. लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचत नाही, म्हणून आधीच टोचून घ्यायचं. जगात माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्यामार्फतच येतो.

नवं पिल्लू दातानं ओरखडलं, नखानं रक्त आलं, जखमेवर चाटलं, तरी ते चावणंच धरायचं. पिल्लू लहान आहे, दुधाचे दात आहेत, म्हणून रेबीज होत नाही हा समज जीवघेणा आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण 15 मिनिटं धुवा. घड्याळ लावूनच धुवा, कारण दोन मिनिटांत पंधरा मिनिटं झाल्यासारखी वाटतात. मिरची पूड, चुना, हळद, तेल काहीही भरू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सीपीआरमध्ये जा, सरकारी दवाखान्यात ही लस मोफत असते. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीशिवाय जखमेभोवती सीरमचं इंजेक्शनही लागतं, ते डॉक्टरांना आठवण करून विचारा. डोस ठरल्या तारखांना पूर्ण घ्या. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते, पण ‘दहा दिवस बघू, मग इंजेक्शन घेऊ’ असं करायचं नाही. आणि मुलांना बजावून ठेवा की कुत्रं चावल्यावर मार पडणार नाही. माराच्या भीतीनं मुलं ओरखडा लपवतात.

हे सगळं गावपातळीवर होऊ शकतं का? शेजारच्या गोव्यानं ते करून दाखवलं. ‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून वर्षानुवर्षं दारोदार जाऊन, रस्त्यावर जाळी घेऊन कुत्र्यांना लस टोचली. 2021 मध्ये गोवा देशातलं पहिलं ‘रेबीज नियंत्रित’ राज्य जाहीर झालं. त्याआधीच्या तीन वर्षांत तिथं एकाही माणसाचा रेबीजनं मृत्यू झाला नव्हता. जाणकार सांगतात की शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस असली की रोग पुढं सरकत नाही. गावातलं प्रत्येक दत्तक कुत्रं या सत्तरमध्ये मोजलं जातं, कारण त्याला दरवर्षी दवाखान्यात नेणारा कुणीतरी असतो.

मांजराचं गणित वेगळं

मांजर दत्तक घ्यायचं तर घरात आधी ठरवा, लेक बाळंतपणाला आली की काय करायचं? कारण बहुतेक मांजरं नेमकी तेव्हाच पोत्यात जातात. ‘मांजराच्या केसानं बाळाला त्रास होतो’ असं कुणीतरी सांगतं आणि चार वर्षं घरात झोपलेलं मांजर एका संध्याकाळी नदीपलीकडं सोडलं जातं. मांजराच्या शीतून एक जंतू गरोदर बाईला बाधू शकतो, एवढं खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे त्या दिवसांत तिनं मांजराची शी काढायची नाही, ते काम दुसऱ्यानं करायचं, मातीत हात घातला की साबणानं धुवायचे आणि मटण नीट शिजवून खायचं. मांजर घालवायची गरज नाही. शंका असेल तर बाळंतपणाच्या डॉक्टरांना विचारा, शेजारणीला नको.

मांजर मूळचं मांसाहारी जनावर. दूध-भाकरीवर त्याचं पोट भरतं पण अंग भरत नाही, नजरही मंदावते. अंडं, मासळी, चिकन त्याला हवंच. ‘घरी खायला दिलं तर उंदीर धरणार नाही’ हा हिशेब चुकीचा आहे, धष्टपुष्ट मांजरच शिकार चांगली करतं. मात्र उंदरासाठी औषध ठेवत असाल तर मांजर पाळू नका, नाहीतर औषध बंद करा. औषध खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला की त्याचाही जीव जातो.

आणखी एक, घरातली तापाची गोळी. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराला मारते. मांजर तापलं आहे म्हणून दयेनं दिली जाते आणि रात्रीत ते जातं.

मांजराला जागेचा लळा माणसाच्या आधी लागतो. म्हणून आणल्यावर आठवडाभर एका खोलीत ठेवा, एका टोपलीत वाळू किंवा भुसा, दुसऱ्या कोपऱ्यात खाणं. लगेच मोकळं सोडलं तर ते जुन्या जागेच्या शोधात निघतं आणि रस्त्यावर गाडीखाली सापडतं. मांजर चार-पाच महिन्यांतच माजावर येऊ शकतं, तेव्हा नसबंदी झालेली नसेल तर तारीख आधीच ठरवून ठेवा. आणि रेबीजची लस मांजरालाही लागते.

साखळी, बिबट्या आणि पूर

रानातल्या वस्तीवर राखणीला कुत्रं हवं असतं, यात चूक काही नाही. पण दोन हात साखळीला दिवसरात्र बांधलेलं कुत्रं चिडकं होतं. आखूड साखळीला सतत बांधून ठेवणं, बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. दोन खांबांमध्ये आडवी तार ताणून तिच्यावर साखळीची कडी सरकती ठेवली तर कुत्र्याला अंगणभर फिरता येतं. खर्च नाममात्र आहे. उसाच्या पट्ट्यात आता बिबट्याचा वावर वाढला आहे आणि बांधलेलं कुत्रं ही त्याची सोपी शिकार. रात्री कुत्र्याला गोठ्यात किंवा पडवीत दार लावून ठेवा. भुंकणं तिथूनही ऐकू येतं.

पुराचं मात्र आधी ठरवून ठेवावं लागतं. बंधाऱ्यावर 39 फुटांचा मेसेज आला की म्हशींच्या तयारीबरोबर कुत्र्याचा पट्टा-दोरी आणि मांजराची टोपली बाहेर काढा. मांजर ऐनवेळी माळ्यावर चढून बसतं, तेव्हा पाणी लांब असतानाच त्याला खोलीत कोंडा. पाहुण्यांच्या गावी आधीच विचारून ठेवा. छावणीत जनावरांच्या बाजूला कुत्रं बांधायला बहुधा जागा मिळते, पण लसीचं कार्ड सोबत असलं की कुणी हरकत घेत नाही. आणि अगदीच काही जमलं नाही, बोट दारात आली आणि कुत्र्याला घ्यायला नकार मिळाला, तर निदान गळ्यातली साखळी सोडून या, जिना उघडा ठेवा. मोकळं कुत्रं गच्ची गाठतं. बांधलेल्या कुत्र्याला पाणी चढताना बघत राहण्याशिवाय काही करता येत नाही.

जमलंच नाही तर?

सगळं करूनही कधी कधी जमत नाही. घरातल्या मुलाला दमा निघतो, कुत्रं म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर जातं, नोकरी दुसऱ्या गावी लागते. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण जनावर उपाशी-तहानेलं राहील अशा तऱ्हेनं टाकून देणं हा त्याच 1960 च्या कायद्यातला गुन्हा आहे. दंड फक्त 10 ते 50 रुपये. कायदा जुना आणि दंड त्याहून जुना, त्यामुळं त्याची भीती कुणालाच नाही. नव्या भारतीय न्याय संहितेत मात्र आपल्या जनावरापासून दुसऱ्याला धोका होईल असा निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि जनावराला मारून टाकलं किंवा जायबंदी केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद.

ज्यांच्याकडून आणलं त्यांना पहिला फोन करा. चांगली संस्था दत्तकाच्या कागदावरच लिहून घेते की जमलं नाही तर आमच्याकडंच परत द्या, परस्पर दुसऱ्याला देऊ नका. ते रागावतील, चार शब्द ऐकवतील, लगेच जागा नाही म्हणतील. आठ-दहा दिवस थांबायला सांगितलं तर तेवढे दिवस ठेवा. परत नेताना लसीचं कार्ड, दाखला आणि ते ज्यावर झोपायचं ते गोणपाटही सोबत द्या. नव्या जागी पहिल्या रात्री त्याला त्याच्याच वासाचं अंथरूण मिळालं की ते थोडं कमी रडतं.